सैल सोडा, बाबा

लेस बांधायला बसले यार बाबा. आमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीला खांदा टेकवून, मान खाली, दोन्ही हात उजव्या पावलापाशी. मी वरून धडाधड उतरत होते, हातात डबा, दातात क्लिप, ड्यूटीला उशीर झालेला, आणि ते दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होते. मी क्लिप दातात तशीच ठेवून विचारलं, काय झालं बाबा, तर वर न बघता म्हणाले, ‘काई नाही गं माय, लेस सुटली.’ मी बरं म्हटलं, त्यांना ओलांडून खाली आले, गेट उघडलं, स्कूटीला चावी लावली आणि चावी फिरवता फिरवता हात थांबला. बाबांच्या पायात चप्पल होती. निळ्या पट्ट्यांची, रबरी, दूध आणायला घालतात ती.

थांब मृण्मयी, मधे बोलू नको, मला एका दमात सांगू दे, नाहीतर मी सांगणारच नाही. ही सोमवारची गोष्ट, आज गुरुवार. पाच वाजता वॉर्डात सोडतात, आत्ता साडेचार झालेत, तुम्ही दोघं एवढ्या ट्रॅफिकमधून डाळिंबं घेऊन आलात, मला कळतं, पण आत जायच्या आधी हे ऐका. चिन्मय, तिकडे नक्को बसू, त्या खुर्चीचा पाय हलतो. इकडे ये. तू तर बाबांना शाळेपासून ओळखतोस, जामबागच्या शाळेत मला सोडायला यायचे तेव्हा गेटपाशी कसे उभे असायचे आठवतं? सरळ. ऊन असो काही असो, भिंतीला टेकून नाही, सायकलच्या सीटवर नाही. तू म्हणायचास, तुझे बाबा पोलिसात आहेत का. नव्हते रे. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात होते, अजून आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. होतील म्हणाले मी. बघ.

तर मी गेटपाशी, चावी अर्धी फिरलेली, आणि वर जिन्यात बाबा नसलेली लेस बांधतायत. मला एका सेकंदात सगळं कळलं, कारण मी दिवसभर हेच बघते ना. लोक दम लागला म्हणून सांगत नाहीत कधी. कोणी दुकानाची पाटी वाचायला थांबतो, कोणी मोबाइल काढतो, एक आजी तर दर दहा पावलांवर पदर नीट करायच्या. फरहाना आपा म्हणते, दम लागलेला माणूस सगळ्यात मोठा अ‍ॅक्टर. फरहाना आपा म्हणजे माझी सीनियर, इको रूमची, हृदयाची सोनोग्राफी करतात तिथली, जिच्या हाताखाली मी दोन वर्षं शिकतेय, जेली कशी लावायची, प्रोब कोणत्या फासळीच्या फटीत ठेवायचा, पेशंटला घाबरवायचं कसं नाही. अंधारी खोली, स्क्रीनवर कोणाचं तरी हृदय, बंद उघड बंद उघड. पहिल्या दिवशी तिने मला मशीनला हात लावू दिला नाही. म्हणाली, मूठ बंद कर. केली. म्हणाली, जोरात, आणि धरून ठेव. मी धरून उभी, ती दोन पेशंटच्या फायली बघून आली, मग म्हणाली, अब खोल. आणि माझी बोटं उघडेचनात. म्हणजे उघडली, पण एकेक करून, थरथरत, गंज चढल्यासारखी. आपा हसली, मला माँच म्हणते ती. ‘देखी माँ? दबाना सबकू आता. छोडने कूच ताकत लगती.’

मला तेव्हा विनोद वाटला होता. आपल्याला काय वाटतं, हृदय आवळलं की काम, सुटलं की आराम. उलटं असतं यार. आवळताना त्या स्नायूत कॅल्शियम धावत येतं, आपोआप, लग्नाच्या हॉलमधे लोक घुसतात तसं. पण सैल व्हायचं तर ते सगळं परत उचलून आत ठेवावं लागतं, कण न् कण, दर ठोक्याला, आणि त्याला शक्ती लागते. लग्न लागायला काय, पाच मिनिटं. खुर्च्या उचलणाऱ्यांना विचारा. आणि ते सैल झालं तरच त्यात रक्त भरतं. भरलंच नाही तर पुढे ढकलणार काय? अजून एक सांगू, ह्याच्यावर मी वर्गात रडले होते, सगळे हसले मला. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं ना, पण डाव्या बाजूचं स्वतःचं जेवण जवळजवळ सगळं त्या मधल्या वेळातच होतं. दोन ठोक्यांच्या मधे, सैल असताना. आवळलेलं असताना त्याच्या स्वतःच्या नसा दाबलेल्या असतात. मला आई आठवली होती, सगळ्यांची ताटं झाल्यावर ओट्याशी उभी राहून खाते ती. बाबा नव्हते आठवले. बाबा अजिबात आठवले नव्हते.

आता मार्चचं सांगते. मार्चमधे हॉस्पिटलने स्टाफच्या घरच्यांसाठी फुकट तपासणी ठेवली होती. मी बाबांच्या मागे लागले, चला चला, माझं मशीन तरी बघा. आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खिशाला पेन. आपा म्हणाली, बाप तेरा है, तूच कर, आणि तेवढ्यात तिला आयसीयूमधे बोलावलं. राहिलो आम्ही दोघं. मी म्हटलं, बाबा शर्ट काढा. ते म्हणाले, कामून? मी म्हटलं, कामून म्हणजे काय, छातीवर मशीन लावायचंय. त्यांनी वरची दोन बटणं काढली. मग तिसरं. मग बनियनवर थांबले. मृण्मयी, मी आयुष्यात बाबांची छाती बघितली नव्हती. आमच्या घरी दोन खोल्या, पाच माणसं राहिलो आम्ही एकेकाळी, पण बाबा उघडे कधी दिसले नाहीत, उन्हाळ्यात लाइट गेली तरी नाही. कोणी दार वाजवलं तर दोन सेकंदात बाहेर जाता आलं पाहिजे असं ते घरात राहतात. तर ते बनियन घालूनच टेबलावर आडवे झाले, ताठ, लाकडाचे असल्यासारखे, श्वास धरून, नजर छतावर, कानाच्या पाळ्या लाल. मी बनियनखालून हात घातला आणि मलाच कसंतरी झालं. जेली गार लागली तर ते दचकले पण नाहीत. मी भराभरा केलं. आवळताना किती रक्त बाहेर टाकतं ते मोजलं, ते सोपं असतं, बासष्ट टक्के आलं. मस्त. पण सैल कसं होतं ते मोजायला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, श्वास सोडायला सांगावं लागतं, झडपेच्या टोकाशी बारीक खूण ठेवून वाट बघावी लागते, मग भिंतीशी परत. चार मिनिटं. फक्त चार मिनिटं गं. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हटलं, झालं बाबा, उठा.

आणि आता ऐका, हे कोणाला माहीत नाही. आमच्या कॉम्प्युटरमधे रिपोर्टचा साचा असतो. नाव टाकलं की सगळ्या ओळी आधीच भरलेल्या येतात, नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल, जे बिघडलेलं असेल तेवढं आपण बदलायचं. सैल होण्याची ओळ पण तशीच. नॉर्मल. मी बघितलंच नव्हतं, तर ती ओळ पुसायला पाहिजे होती, ‘मोजलं नाही’ लिहायला पाहिजे होतं. मी बासष्ट टाकलं आणि प्रिंट दाबलं. त्या दिवशी साठ रिपोर्ट होते, डॉक्टरसाहेबांनी आकडे बघून सह्या केल्या. माझं वय तेवीस, मी माझ्या बापाच्या हृदयाबद्दल एक ओळ लिहिली जी मी बघितली नव्हती, आणि मला काही वाटलं पण नाही. भूक लागली होती. आम्ही खाली जाऊन उस्मानिया बिस्किटं खाल्ली.

बाबांनी तिथेच रिपोर्ट उघडला. परीक्षा विभागातला माणूस, त्यांनी काय बघितलं असेल? टक्के. ‘बासष्ट! साठच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास!’ मी हसले, म्हटलं बाबा, इथे शंभर नसतात कोणाला, बासष्ट म्हणजे टॉपर. मी म्हटलं असं. घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं, विमल, लेकीनं मला फर्स्ट क्लासमधे पास केलं. नांदेडला नातेवाइकांना फोन. शेजारच्या रेड्डी आंटीला रिपोर्ट दाखवला. आणि मग तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमधे गेला, ज्यात त्यांची दहावीची सनद आहे, जातीचा दाखला आहे, नोकरीची ऑर्डर आहे, माझं डिप्लोमाचं अ‍ॅडमिशन आहे. आमच्या घरात त्या फोल्डरमधे गेलेली गोष्ट खरी असते. त्यावर बोलणं नाही.

जूनमधे आई म्हणाली, हे आजकाल दोन उशा घेतात. मी म्हटलं, मान दुखत असेल. ऑगस्टमधे तीन. मी इको रूममधे दिवसातून दहा वेळा पेशंटला विचारते, उशा किती घेता, हा पहिला प्रश्न असतो आमचा, कारण हृदय सैल होत नाही तेव्हा रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि सपाट झोपलं की बुडाल्यासारखं होतं. दहा वेळा विचारते. घरी आईने न विचारता सांगितलं तर मान दुखत असेल. का तर रिपोर्ट नॉर्मल. कोणाचा रिपोर्ट? माझाच ना यार. मीच लिहिलेली ओळ मीच खरी धरून बसले. सप्टेंबरमधे छातीत भरल्यासारखं वाटतं म्हणून ते गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले, सोबत फोल्डर. डॉक्टरने रिपोर्ट बघितला, म्हणाला हार्ट तर फर्स्ट क्लास आहे तुमचं, गॅस असेल. गॅसच्या गोळ्या. बाबा खूश. हार्ट फर्स्ट क्लास, डॉक्टर पण म्हणाला.

तू विचारलंस ना चिन्मय, ते पोलिसात आहेत का. त्यांच्या ऑफिसमधे मी लहानपणी जायचे. एक काउंटर, जाळी, जाळीच्या पलीकडे पोरं रांगेत, फेरतपासणीचे फॉर्म घेऊन, रडवेली. आत बाबांची खुर्ची, खुर्चीवर टॉवेल. त्या खुर्चीवर मी बसायचे, चित्रं काढायचे. बाबा काउंटरशी उभे. एकतीस वर्षं उभे. मी एकदा विचारलं, बाबा तुम्ही का नाही बसत, तर म्हणाले, समोरची लेकरं उभी असतेत. मला ते खूप छान वाटलं होतं, मी शाळेत निबंधात लिहिलं. नंतर कधीतरी आईने खरं सांगितलं. आजा, म्हणजे बाबांचे वडील, त्यांना शिकवून गेले होते, शहरात चाललास, नोकरी कर, पण उभ्यानं बोलावं. बसलं की कोणी ना कोणी उठवतं. उभ्या माणसाला कोणी ऊठ म्हणत नाही. बस्स. एवढंच. आजाला कुठे कोणी उठवलं, किती वेळा, ते आईला पण माहीत नाही, बाबा सांगत नाहीत. बीपी त्यांना चाळिशीपासून. गोळी घेतात, विसरतात, घेतात. आणि बीपीने हृदयाची भिंत जाड होत जाते, दर ठोक्याला जोर लावून लावून, आणि जाड भिंत सैल होत नाही लवकर. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मला त्यात चांगले मार्क होते.

तर सोमवारी गेट. मी चावी काढली आणि परत वर पळाले. बाबा घरात पोचले होते, खुर्चीवर बसलेले, हो, बसलेले, कडेला, ताठ, आणि गळ्याच्या खड्ड्यात सारखं काहीतरी आत ओढल्यासारखं. पायांकडे बघितलं. मोजे नव्हते पण मोज्याचा वळ होता, रात्री घातलेल्यांचा, खोल. मी बोट दाबलं घोट्यावर, तर खड्डा पडला आणि तो खड्डा तसाच राहिला. मी त्या खड्ड्याकडे बघत बसले. आई म्हणाली, आगं काय झालं, ड्यूटी नाही का? मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं मी. ‘बाबा, आज माझ्याबरोबर चला, परत इको करू.’ ते म्हणाले, ‘कामून? नॉर्मल हाय ना.’ आणि उठून फोल्डर आणलं. यार, ते फोल्डर उघडून, चष्मा लावून, त्यांनी मला माझीच ओळ वाचून दाखवली. हळूहळू, इंग्लिश शब्द जोडत. रिलॅक्सेशन. नॉर्मल. ‘तुझं नाव हाय खाली, बघ.’ मला वाटलं मी इथेच मरून जावं. आणि मी काय केलं असेल? परत खोटं बोलले. म्हटलं, माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, आपाने घरचा पेशंट आणायला सांगितलाय, नाहीतर मार्क जातील.

परीक्षा म्हटल्यावर बाबा उठले. शर्ट बदलला. पेन लावलं.

विद्यानगरहून इथे किती, वीस मिनिटं. ऑटोत ते दांडीला धरून सरळ बसलेले, मांडीवर फोल्डर, टेकले नाहीत. ऑटोवाला म्हणाला, ‘अंकल, आराम से बैठो ना, सीट नयी डलाया मैं.’ बाबा म्हणाले, ‘ऐसाच ठीक है.’ सिग्नलला थांबलो, नारायणगुड्याला, लाल, एकशे वीस सेकंद, आणि मी त्यांचं मनगट धरलं, असंच, लाडात आल्यासारखं, आणि नाडी मोजत होते. एकशे आठ. कळतंय का तुम्हाला? वेग वाढला की आवळायचा वेळ फारसा कमी होत नाही, कमी होतो तो मधला वेळ. सैल व्हायचा. आधीच ज्याला सुटायला वेळ लागतो त्याला वेळच नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, हळू हळू हळू, आणि माझं स्वतःचं एकशे तीसने चाललं होतं, माझ्या कानात. बाबांनी माझ्या हातावर थोपटलं. ‘घाबरू नको गं माय. परीक्षाच तर हाय. मी हालणार नाही अजिबात, चांगला काढ फोटो.’

हालणार नाही म्हणाले. मी बाहेर बघत बसले, कपड्यांच्या दुकानांचे पुतळे बघत.

आपाने दारातच एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मशीनपासून उठली. मी म्हटलं, आपा तुम करो. ती म्हणाली, नक्को. ‘जो हाथ छोडा था, वहीच हाथ पकडेगा.’ तिला कसं कळलं? मी तिला सांगितलं नव्हतं. ऑटोतून फोनवर बाबांना आणतेय एवढंच म्हटलं होतं, तर तिने मार्चचा रिपोर्ट स्क्रीनवर काढून ठेवला होता, खाली चित्रं असतात ना, त्यात सैल होण्याचं एकपण चित्र नव्हतं. मी बाबांना म्हटलं, शर्ट काढा, बनियन पण. त्यांनी आपाकडे बघितलं. आपाने तोंड फिरवलं, खिडकीचा पडदा नीट करत बसली. बाबांनी काढलं. छाती इतकी गोरी होती त्यांची, मानेपासून खाली दुसराच माणूस. डाव्या कुशीवर वळले आणि खोकायला लागले, आडवं राहवेना, मी टेबलाचं डोकं वर उचललं. प्रोब लावला. म्हटलं, बाबा, सैल सोडा. ते म्हणाले, सोडलंय. दगड. म्हटलं, खांदा सोडा. सोडलाय ना. म्हटलं, श्वास सोडा आणि तसेच राहा. त्यांनी श्वास सोडला आणि सगळं अंग अजूनच आवळलं. त्यांना येतच नव्हतं गं. सांगून कोणाला येतं का? मी म्हणतेय सैल सोडा, आणि तो माणूस हुकूम मिळाल्यासारखा आणखी ताठ.

स्क्रीनवर दोन टेकड्या दिसतात. पहिली टेकडी म्हणजे हृदय आपणहून सैल झाल्यावर रक्त आत ओढून घेतं ती, दुसरी म्हणजे उरलेलं वरच्या कप्प्याने ढकलून भरतं ती. तब्येत चांगली तर पहिली उंच, दुसरी बुटकी. आजार लागला की उलटं. आणि बाबांची पहिली उंच आली. दुसरी बुटकी. मी किंचाळलेच, आपा, नॉर्मल है! खरंच नॉर्मल है! मला वाटलं मी वाचले. बघा, बाबा वाचले असं नाही वाटलं, मी वाचले असं वाटलं, हे पण सांगून टाकते. आपा जवळ आली, बघितलं, आणि इतक्या हळू बोलली, ‘खुश मत हो माँ. झूठा नॉर्मल है ये. दीवार देख.’ कारण आजार अजून पुढे गेला की मागे इतकं रक्त तुंबतं, इतका दाब होतो, की तो दाबच पहिली टेकडी उंच करतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं पहिल्यासारखं. म्हणून भिंतीशी खूण ठेवायची, भिंत स्वतः किती वेगाने सुटते ते बघायचं. भिंत अ‍ॅक्टिंग करत नाही. ठेवली. वाट बघितली. आठ तरी यायला पाहिजे. चार. परत. चार. परत. साडेतीन.

आणि बाबा तसेच कुशीवर, भिंतीकडे तोंड, म्हणाले, ‘आला का फोटो चांगला? मार्क देतील ना?’

मी बोलले. प्रोब त्यांच्या छातीवर, माझा हात जेलीने भरलेला, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघून बोलले. बाबा, परीक्षा नाही. बाबा, मार्चमधे मी हे बघितलंच नव्हतं. तुम्हाला लाज वाटत होती, मला लाज वाटत होती, मी सोडून दिलं आणि नॉर्मल लिहिलं, ते आधीच लिहिलेलं असतं, मी पुसलं नाही. ती ओळ खोटी आहे बाबा. तुमच्या फोल्डरमधली. आठ महिने. मी बोलत होते आणि स्क्रीनवर ते चाललेलं, आवळणं पटकन, सुटणं उशिरा, आवळणं पटकन, सुटणं उशिरा, आणि दर वेळी त्या उशिरात मला वाटायचं आता नाहीच सुटणार.

 आपा परत पडद्याशी जाऊन उभी राहिली. मग बाबा म्हणाले, ‘म्हंजे रिव्हॅल्युएशन झालं.’ मी म्हटलं, काय? ‘रिव्हॅल्युएशनला मार्क कमी पण होऊ शकतेत. आम्ही आधीच सही घेतो पोरांची. तू घेतली व्हती का माझी सही?’ आणि मी हसले, चिन्मय, मला हसू आलं, नाकातून पाणी, हसतेय की रडतेय मलाच कळेना. म्हणाले, ‘आता किती आले?’ मी म्हटलं, बाबा, ह्याला टक्के नसतात. ‘मग पास-नापास कसं कळतं?’ मी प्रोब पुसून जागेवर लावला.  ते म्हणाले, ‘जुना रिपोर्ट फाडू नको. रद्द झालं तरी रेकॉर्ड हाय. दोन्ही ठेवायचे असतेत.’

मग मी कॉम्प्युटरशी बसले. नाव टाकलं, सूर्यभान, आणि सगळ्या ओळी आल्या भरून, नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. मी ती ओळ पुसली. एकेक अक्षर, मागून पुढे. खरं काय ते लिहिलं. मागे वळून बघितलं तर बाबा झोपले होते. तिथेच, टेबलावर, छाती उघडी, जेली न पुसलेली, तोंड अर्धं उघडं, एक हात टेबलाखाली लोंबकळत. तेवीस वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. बाहेर सहा पेशंट, कंपाउंडर दार वाजवतोय. आपाने दाराला कडी लावली. ‘पाँच मिनट दे उनकू.’ मग डॉक्टरसाहेब आले, मग व्हीलचेअर, मग चौथा मजला.

पाणी निघतंय अंगातलं. पाय उतरलेत. पण साहेब म्हणाले, पाणी काढता येतं, भिंत मऊ करता येत नाही. बीपी सांभाळायचं, मीठ बंद, नाडी हळू ठेवायची. आठ महिने आधी कळलं असतं तर? मी विचारलं सरळ. साहेब फायलीत बघत राहिले. म्हणाले, ते आता मोजता येत नाही. किती दिवस, विचारलं. ते पण मोजता येत नाही. सगळं मोजणारी माणसं इथे बसलीत आणि हे मोजता येत नाही.

काल बाबा म्हणाले, ही खाट बरी हाय. डोक्याकडून उचलून ठेवलीय ना, तीन उशांसारखी. ‘बसलेलं पण आन् निजलेलं पण. कोणी ऊठ म्हणलं तर म्हणता येतं निजलोय.’ हसत म्हणाले. पाणी द्या म्हटल्यासारखं.

पाचला दोन कमी आहेत. तर आता ज्याच्यासाठी सांगितलं ते. तुम्ही आत येऊ नका. मृण्मयी, ऐक ना, रागावू नको, डाळिंबं माझ्याकडे दे. काल नामदेवराव आले होते, त्यांच्या ऑफिसचे, बिचारे तीस वर्षांचे दोस्त. दारात दिसले आणि बाबा उठून बसले. सुया हातात, बटणं लावायला लागले, गळ्यापर्यंत, खांदे मागे. ‘या, या, मी एकदम फर्स्ट क्लास.’ वर मशीनवर नाडी अठ्ठ्याण्णवची एकशे सोळा झाली. नामदेवरावांना वाटलं बरे झाले. ते खुशीत गेले. बाबांचे ओठ नंतर अर्धा तास निळे.

आई सकाळी जाते, तिला ते काही करत नाहीत, ती शेजारी मेथी निवडत बसते. पण मी गेले तरी हात बटणाकडे जातो. सोमवारपासून. त्या ओळीचं खरं सांगितल्यापासून. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, मला बरं दिसायला पाहिजे म्हणून. माझ्यापुढे पास व्हायचंय त्यांना.

म्हणून आता मी पण आत जात नाही. पास माझ्या नावाचा आहे, वॉचमन हाक मारेल, मी हौ म्हणेन आणि दारापर्यंत जाईन. दाराला काच आहे, हाताएवढी. तिथून बेड नंबर सात दिसतो आणि वरचं मशीन दिसतं, आणि ते बघत नाहीत तेव्हा त्यांचा हात चादरीवर उताणा पडलेला असतो, बोटं उघडी. तास संपेपर्यंत मी तिथे उभी राहते. मशीनवर ठोका दिसतो सगळ्यांना, हिरवा, टोकदार. मी ठोका बघत नाही. मी त्याच्या नंतरची सपाट रेघ बघते. तिथे वाटतं, आता नाही. आता नाही सुटणार. मी श्वास धरते, मूठ आवळते, नखं रुततात.

सुटलं.

परत.